तटाला पोट का सुटतं?

७ जुलै २०२४ला रायगडावर अडकलेल्या पर्यटकांचा व्हिडिओ बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. पायऱ्यांवरून पाणी धो धो कोसळतंय आणि माणसं मिळेल त्या दगडाला धरून उभी आहेत. त्यानंतर काही दिवस गड बंद ठेवावा लागला. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष माणसांकडे होतं, ते योग्यच होतं. पण तेच पाणी पायऱ्यांच्या सांध्यांत, तटाच्या आत, बुरुजाच्या पायाखाली कुठे कुठे शिरलं, याची बातमी होत नाही. त्याचा परिणाम दोन-चार वर्षांनी दिसतो. एखाद्या ऑगस्टमध्ये तटाचा तुकडा खाली येतो आणि आपण एकमेकांना विचारतो, साडेतीनशे वर्षं उभा होता, मग आत्ताच कसा पडला?

याचं थोडक्यात उत्तर असं की हवामानबदलाने आपल्या गडकोटांना नवा रोग दिलेला नाही. रोग जुनाच आहे, पाण्याचा. तो रोग आटोक्यात ठेवायची जी वार्षिक कामं होती, ती आपण बंद केली आणि नेमका त्याच काळात पाऊस आडदांड झाला. जुलै २०२५मध्ये शिवनेरी, रायगड, राजगडापासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पेढे वाटून झाले असतील, तर आता जरा तटाच्या आत डोकावू.

पाऊस तेवढाच, तऱ्हा वेगळी

तापमान एक अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरून ठेवायची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा आभाळात आधीपेक्षा जास्त माल साठलेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या. अरबी समुद्राचंही तेच. पूर्वी वादळं म्हणजे बंगालच्या उपसागराचा विषय असायचा. २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या मानाने निम्म्याहून जास्त वाढली. ३ जून २०२०चं निसर्ग आणि मे २०२१चं तौक्ते कोकणातला माणूस विसरलेला नाही.

गडाच्या दृष्टीने वर्षाला एकूण किती मिलिमीटर पडला याला फारसा अर्थ नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पूर्वीही पडायचाच. फरक पडतो तो तासाला किती पडला याने. २२-२३ जुलै २०२१ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. जुन्या बांधकामातल्या मोऱ्या, चर आणि उतार संततधारेच्या हिशेबाने केलेले होते. भिजपाऊस दिवसभर पडला तर ते पाणी वाहून नेतात. तेवढंच पाणी दोन तासांत आलं की मोरी कमी पडते, पाणी तुंबतं आणि वाट शोधत भिंतीत घुसतं.

तटाच्या आत काय असतं

किल्ल्याचा तट बाहेरून भरीव दगडी दिसतो, पण बहुतेक ठिकाणी तो तसा नसतो. बाहेरच्या अंगाला घडीव दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा थर आणि मधे दगडगोटे, माती, चुना यांची भर. डोंगराच्या कडेवर बांधलेला तट तर आणखी एक काम करतो. आतल्या बाजूची सपाटी भराव घालून केलेली असते आणि तो भराव तटानेच अडवून धरलेला असतो. शत्रू आला की तट लढायचा, पण माती अडवायचं काम त्याला बारा महिने करावं लागतं.

आता त्याच्या माथ्यावर, म्हणजे फांजीवर, पूर्वी चुन्याचा कोबा होता असं समजा. कोब्याला भेग गेली आणि ती कोणी बुजवली नाही. पावसाचं पाणी वरून आत उतरतं आणि मधल्या भरावातली बारीक माती आणि चुना धुऊन नेतं. आत पोकळी होते, वरचे गोटे खाली बसतात आणि पाचर ठोकल्यासारखे दोन्ही थरांना बाहेर ढकलतात. त्याच वेळी मागच्या भरावात पाणी साठलेलं असतं. तीन मीटर उंचीपर्यंत पाणी साठलं, तर तळाशी दर चौरस मीटरला तीन टनांचा दाब येतो. हा दाब मातीच्या दाबाच्या वर, वेगळा.

या पाण्याला बाहेर पडायला जुन्या गवंड्यांनी तटात छोट्या मोऱ्या ठेवलेल्या असतात. त्या पालापाचोळ्याने, मातीने आणि हल्ली प्लास्टिकच्या बाटल्यांनी बुजल्या की दाबाला सुटायला जागा उरत नाही. भिंत मधोमध फुगते. गवंडी म्हणतात, भिंतीला पोट सुटलं. हे पोट एका रात्रीत येत नाही, अनेक पावसाळे ते इंचाइंचाने वाढत असतं. मग एक आडदांड पाऊस येतो आणि पंधरा-वीस फुटांचा तुकडा सपशेल खाली येतो. पाऊस हे निमित्त असतं. ऑगस्ट २०२०मध्ये विजयदुर्गाच्या तटाचा भाग कोसळला, तोही पावसातच.

गडाखालचा डोंगरही यातून सुटत नाही. जुलै २०२१मध्ये पन्हाळ्यावर जाणारा रस्ता खचला आणि गडावर राहणाऱ्या लोकांची वाट बंद झाली. सह्याद्री म्हणजे बेसॉल्टचे थरावर थर, आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मधे लाल, मऊ मातकट पट्टा. हा पट्टा पाणी पितो, फुगतो, वाळला की झिजतो. वरचा कठीण खडक हळूहळू अधांतरी होतो. तट कितीही नीट दुरुस्त केला तरी त्याच्या पायाखालचा कडा सरकला तर काय करणार? म्हणून किल्ल्याचं संवर्धन तटापाशी सुरू करून चालत नाही. वरच्या पठारावरचं पाणी कुठून कुठे जातं याच्या नकाशापासून ते सुरू व्हावं लागतं.

मिठाचं काम उन्हाळ्यात चालतं

समुद्री किल्ल्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. लाटा दगड फोडतात असं आपल्याला वाटतं. लाटा सांध्यांतला चुना खातात हे खरंच, पण दगडाचा कण न् कण सोलणारं काम मीठ करतं, तेही शांतपणे.

समुद्राचे तुषार भिंतीवर बसतात, खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर असली की मीठ ओलावा ओढून विरघळतं. त्याखाली गेली की पुन्हा स्फटिक बनतं. स्फटिक वाढताना छिद्राच्या भिंतींवर दाब देतो आणि दगडाची खपली निघते. कोकण किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे या काळात पहाटे हवा दमट आणि दुपारी त्या मानाने कोरडी असते. म्हणजे हे विरघळणं आणि गोठणं जवळपास रोज घडू शकतं. पावसाळ्यात उलट भिंत सतत ओली असते, वरचं मीठही धुऊन जातं. एप्रिलमध्ये जंजिऱ्याच्या किंवा सिंधुदुर्गाच्या तटावर हात फिरवला तर तळव्याला रवाळ भुकटी लागते, ती यातूनच येते.

हवामानबदल इथे दोन बाजूंनी येतो. वादळं वाढली की खारं पाणी आधी पोहोचत नव्हतं तेवढ्या उंचीवर फेकलं जातं. आणि उष्णता वाढली की भिंत झपाट्याने वाळते. सावकाश वाळणाऱ्या भिंतीत मीठ पृष्ठभागावर येऊन पांढरं फुलतं, ते झाडून काढता येतं. घाईने वाळणाऱ्या भिंतीत ते पृष्ठभागाच्या आतच गोठतं आणि वरचा पापुद्रा उचलून टाकतं. पांढरं दिसलं की लोक घाबरतात. खरं तर मीठ दिसत नाही तेव्हा जास्त घाबरायला हवं.

त्यात समुद्राची पातळी. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात ती सरासरी २० सेंटिमीटरने वाढली, आणि वाढीचा वेगही वाढतो आहे. ओंजळभर वाटणारी ही वाढ तटाच्या पायाशी मोजली की गंभीर होते, कारण लाटेचा मार बसणारी रेषा वर सरकते. जे सांधे फक्त उधाणाला भिजायचे ते रोजच्या भरतीला भिजू लागतात. सिंधुदुर्गाच्या आत दूध बाव, दही बाव, साखर बाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या कुरटे बेटावर १६६४मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं त्यामागे हे पाणीही होतंच. समुद्र चढत राहिला तर अशा विहिरींच्या तळाशी खारं पाणी शिरायचा धोका वाढतो.

चुना, सिमेंट आणि एक रेनकोट

आता सगळ्यात चिडायला लावणारा भाग. पडझड झाली की दुरुस्ती होते, आणि अनेकदा ती दुरुस्तीच पुढच्या पडझडीचं बी पेरते.

चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवायचा, घाण्यात, म्हणजे दगडी चाक फिरवून, वाळू किंवा सुरखीबरोबर (विटांच्या भुकटीबरोबर) मळायचा. अनेक किल्ल्यांवर घाण्याचं ते दगडी चाक अजून पडलेलं दिसतं, लोक त्यावर बसून फोटो काढतात. बेलफळाचं पाणी, गूळ, हिरडा असं काय काय त्यात घालायची रीत होती. भिंतीत गेल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. याला महिने, जाड भिंतीत वर्षं लागतात. हा चुना दगडापेक्षा थोडा मऊ आणि सच्छिद्र राहतो. भिंत थोडी हलली तर तो सामावून घेतो, भिंतीतलं पाणी सांध्यांतून बाहेर पडू देतो, आणि झिजायचंच असेल तर दगडाच्या आधी स्वतः झिजतो. झिजलेल्या दरजा (दगडांमधले सांधे) पुन्हा भरता येतात. झिजलेला दगड भरता येत नाही.

सिमेंट नेमकं उलट वागतं. कडक, दाट आणि त्यातही स्वतःचे क्षार. पावसात रेनकोट घालून गड चढलेल्या कोणालाही माहीत असतं की वर पोहोचेपर्यंत आतला शर्ट घामाने पिळून निघतो. सिमेंटने दरजा भरलेल्या भिंतीचं तेच होतं. वरून, मागून पाणी शिरतच असतं, पण बाहेर पडायची वाट बंद झालेली असते. मग पाणी आणि क्षार शेजारच्या दगडातून बाहेर पडतात आणि दगड झिजतो. काही वर्षांनी सिमेंटची जाळी तशीच उभी आणि मधले दगड खोल गेलेले, असं विचित्र दृश्य दिसतं. हे एकदा ओळखता आलं की गावोगावच्या जीर्णोद्धार केलेल्या देवळांतही दिसायला लागतं. तिथे वर ऑइलपेंटही असतो!

चुन्याच्या कामाला आपलं सरकारी कॅलेंडरही मानवत नाही. चुना सावकाश, ओलाव्यात पिकावा लागतो. त्यासाठी पावसाळा संपल्यानंतरचे, ऑक्टोबर ते जानेवारीचे महिने चांगले. निधी मात्र मार्चअखेर खर्च व्हायला हवा, म्हणून काम फेब्रुवारीत सुरू होतं आणि एप्रिल-मेच्या उन्हात चुना पिकायच्या आधीच वाळून भुगा होतो. मग कोणीतरी म्हणतं, बघा, चुना टिकत नाही, सिमेंटच बरं. चुना हातानं ओळखणारे गवंडी कमी होत चाललेत, हे त्याहून मोठं संकट आहे. पैसा एका अर्थसंकल्पात आणता येतो, गवंडी तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात.

याच धड्याचं दुसरं रूप गोव्यात आहे. जुन्या गोव्यातलं बॉम जीझस चर्च १५९४ ते १६०५ या काळात मुख्यतः जांभ्या दगडात बांधलं गेलं. जांभा उघड्यावर ठेवण्यासाठी नव्हताच, त्याच्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात बाल्टझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने बाहेरचा गिलावा काढून टाकला, इमारतीचं जुनेपण उठून दिसावं म्हणून. आज पोस्टकार्डावर दिसणारं ते तांबडं, भारदस्त रूप म्हणजे खरं तर सोललेली भिंत आहे. जांभा सच्छिद्र असतो. गोव्याचा पाऊस तिरपा येऊन थेट त्यावर आदळतो आणि दरवर्षी थोडा थोडा दगड घेऊन जातो. गिलावा परत करावा अशी मागणी आहे, आणि त्या तांबड्या रूपाची सवय झालेल्यांचा विरोधही. माझं मत विचाराल तर गिलावा करावा. डोळ्यांची सवय पन्नास वर्षांत बदलते, झिजलेला दगड परत येत नाही.

अजिंठ्याला गिलावा हीच चित्राची पाटी आहे. खडकावर मातीचा गिलावा, त्यात तूस आणि वनस्पतींचे धागे, वर पांढरा पातळ थर आणि त्यावर रंग. माती ओलावा आला की फुगते, गेला की आकसते. दर वेळी रंगाची पकड थोडी सुटते. पठारावरचं पाणी खडकाच्या भेगांतून झिरपतं, पर्यटकांच्या श्वासातला दमटपणा वेगळा, आणि ओलाव्याबरोबर किडे येतात. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवण्यासाठी त्यांवर लाखेचं रोगण लावलं. ते पुढे पिवळं पडलं आणि काढता काढता पुढच्या पिढ्यांना नाकी नऊ आले. हेतू उत्तम होता, साहित्य चुकलं. आज कोणी दगडावर फवारायचं नवं चमत्कारी रसायन घेऊन आलं की मला हे रोगण आठवतं.

मे महिन्याची कामं

मग करायचं काय? उत्तर इतकं साधं आहे की त्याचं उद्घाटन करता येत नाही. मे महिन्यात मोऱ्या मोकळ्या करायच्या. फांजीवरच्या भेगा चुन्याने बुजवायच्या. गडावरचे जुने चर उपसायचे. तटावर उगवलेली रोपटी बोटाएवढी असतानाच काढायची. शिवकाळातल्या कारभाराचा अनुभव असलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडांविषयी लिहिताना आधी पाण्याची सोय बघायला सांगितलं आहे आणि तटावर वाढणारं झाड वरचेवर कापायलाही. त्या काळी हे करायला गडावर माणसं होती. आज बहुतेक गडांवर वस्ती नाही, म्हणजे रोज तटाकडे बघणारा डोळा नाही.

झाडांबद्दल एक सावधगिरी. वड, पिंपळ, उंबर यांचं बी पक्ष्यांच्या विष्ठेतून सांध्यात पडतं आणि मूळ ओलाव्याच्या मागे थेट तटाच्या गाभ्यापर्यंत जातं. उबदार, दमट हवेत ते आणखी जोमाने वाढतं. पण मनगटाएवढं जाड झालेलं मूळ उत्साहाने ओढून काढू नका. तोवर ते दगडांना धरूनही बसलेलं असतं. ते निघालं की दगडही निघतात. खोड कापून, मूळ जागीच मारून, राहिलेली पोकळी चुन्याने भरावी लागते, आणि ते जाणकाराच्या देखरेखीखाली.

इथे दुर्गसंवर्धन करणाऱ्या तरुणांची अडचण होते. त्या १२ किल्ल्यांपैकी ८ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आणि ४ राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय दगडही हलवता येत नाही, आणि हा नियम बरोबर आहे, कारण ढासळलेला दगड मूळ कुठे होता हा पुरावा असतो. पण परवानगी मिळेपर्यंत दोन पावसाळे जात असतील तर नियम आणि पाऊस यांचा मेळ बसवावा लागेल. मोरी साफ करणं हे उत्खनन नव्हे. अशा कामांची ठरलेली यादी आणि दरवर्षीची कायमची परवानगी एवढं झालं तरी गडाखालच्या गावांतले हात कामाला लागतील. शेवटी पाऊस कोसळतो तेव्हा तिथे तेच असतात.

पोट सुटलेल्या भिंतीवर नजर ठेवायला फार महागडी यंत्रं लागत नाहीत. भेगेच्या दोन्ही काठांना पकडून काचेची पट्टी चिकटवतात. भेग हलली की काच तडकते. त्याच्या जोडीला ड्रोन आणि लेझर स्कॅनने तटाचं दगडागणिक मोजमाप होऊ शकतं. ते झालेलं असेल तर उद्या तट पडल्यावर कोणता दगड कुठे बसवायचा हे कळतं. सगळं वाचणार नाही, हेही मान्य करावं लागेल. समुद्राच्या तोंडावरचे काही बांध, काही पायऱ्या जातील. त्यांच्याभोवती काँक्रीटचे ठोकळे ओतून गडाचं बंदर करण्यापेक्षा नीट नोंद करून त्या जाऊ द्याव्यात आणि पैसा महाद्वार, बुरूज, विहिरी यांच्यावर लावावा, असं मला वाटतं. यावर वाद होऊ शकतो आणि व्हावाही, पण तो तट पडायच्या आधी.

ट्रेकला जाणाऱ्यांसाठी एक छोटं काम आहे. तटाला पोट आलेलं दिसलं, सांध्यातून गढूळ पाणी येताना दिसलं (स्वच्छ पाणी चालेल, गढूळ म्हणजे आतली भर वाहून जाते आहे), तर फोटो काढा. मापाचा अंदाज यावा म्हणून शेजारी काठी किंवा पाण्याची बाटली ठेवा, तारीख लिहा आणि संबंधित पुरातत्त्व कार्यालयाला पाठवा. पुढच्या वर्षी गेलात तर त्याच जागी उभं राहून पुन्हा एक काढा. दोन फोटोंतला फरक तिथल्या अभियंत्याला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडतो.